चाळीस टक्के घर, शंभर टक्के छप्पर

इंग्लंडमध्ये मी घरखरेदीची कायदेशीर कामं करते. इथे आम्हाला कन्व्हेयन्सर म्हणतात. २०२३ च्या शरद ऋतूतलं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

पक्षकार मूळची नाशिकची, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्स. नवरा गोदामात शिफ्ट करणारा. दोघांचं उत्पन्न मिळून वर्षाला ८०,००० पौंडांच्या आत होतं, म्हणजे लंडनबाहेर शेअर्ड ओनरशिपसाठी पात्र. रेडिंगजवळ दोन बेडरूमचा फ्लॅट, पूर्ण किंमत २,८०,००० पौंड. त्यातला ४० टक्के हिस्सा, म्हणजे १,१२,००० पौंडांचा, एक बाई विकत होत्या. उरलेल्या ६० टक्क्यांवर हाउसिंग असोसिएशनला, म्हणजे परवडणारी घरं देणाऱ्या ना-नफा संस्थेला, दरमहा भाडं द्यायचं.

कोटेशन पाठवलं तेव्हा तिने एका ऑनलाइन फर्मचा आकडा समोर ठेवला. आमच्या निम्म्याहून कमी. मी तिला त्या कोटेशनचं शेवटचं पान उघडायला सांगितलं. लीजहोल्डचे, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावरच्या घराचे, वेगळे, शेअर्ड ओनरशिपचे वेगळे, मॉर्गेजच्या बँकेचं काम करण्याचे वेगळे, पैसे पाठवण्याचे वेगळे, ओळखपत्र तपासण्याचे वेगळे. बेरीज केली तर फरक शंभर-दीडशे पौंडांचा राहिला. आमचे १,५०० आणि त्यावर २० टक्के व्हॅट, हे पहिल्याच पानावर होतं. त्याशिवाय काउन्सिल, पाणी-ड्रेनेज आणि पर्यावरण यांचे सर्च, म्हणजे नोंदींची तपासणी, लँड रजिस्ट्रीची नोंदणी फी, आणि खरेदीनंतर असोसिएशनला "मालक बदलला, गहाण लागलं" असं कळवण्याची फी. हो, कळवायचीही फी असते, आणि ती असोसिएशनच ठरवते. स्वस्ताचं आमिष पहिल्या पानावर आणि खरा हिशोब शेवटच्या पानावर ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

शेअर्ड ओनरशिपचे जादा पैसे कशाचे, तेही सांगते. साध्या खरेदीत समोर एक विक्रेता असतो. इथे असोसिएशनही असते. खरेदीदाराची ऐपत ती तपासते, मॉर्गेज ऑफर तिला दाखवून मंजुरी घ्यावी लागते, आणि किंमत चार्टर्ड सर्व्हेयरच्या मूल्यांकनावर ठरते, जे साधारण तीन महिनेच चालतं. आणि लीज. ते ओळीओळीने वाचावं लागतं, कारण सरकारी नमुना वेळोवेळी बदलला आहे. २०२१ नंतरच्या नव्या नमुन्यात किमान ९९० वर्षांची मुदत आहे, पहिली दहा वर्षं इमारतीच्या बाहेरच्या आणि मुख्य ढाच्याच्या दुरुस्तीचा खर्च असोसिएशनकडे आहे, आणि दरवर्षी एकेक टक्का हिस्सा वाढवता येतो. लोक सरकारी पानावर हे वाचून येतात. त्यांच्या हातात मात्र जुन्या नमुन्याचं लीज पडतं.

तसंच झालं. २००८ पासून १२५ वर्षं, म्हणजे ११० उरलेली. हिस्सा वाढवायचा तर किमान दहा टक्क्यांनी, आणि दर वेळी मूल्यांकनाची फी, वकिलाची फी. भाडं दरवर्षी आरपीआय (महागाईचा एक निर्देशांक) अधिक अर्धा टक्का या दराने वाढणार. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आरपीआय १२.६ टक्के होता, म्हणजे या कलमाप्रमाणे १३.१ टक्के वाढ असोसिएशनच्या हक्काची होती. बऱ्याच असोसिएशननी त्या वर्षी आपण होऊन ७ टक्क्यांवर थांबायचं ठरवलं. चांगलं केलं, पण तो त्यांचा चांगुलपणा होता. लीजमध्ये तसा शब्द नव्हता.

तिचे सासरे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, "मॅडम, चाळीस टक्के म्हणजे कुठली खोली आपली? आणि उताऱ्यावर नाव कुणाचं?" माझ्या मते सगळ्या प्रकरणात विचारलेला हा सर्वांत नेमका प्रश्न होता. उत्तर असं की फ्लॅट सगळाच्या सगळा तिच्या ताब्यात, लीजच्या नोंदीवर नाव तिचं. पण इमारत आणि जमीन असोसिएशनची. कायद्याने हे दोघांच्या सामाईक मालकीचं घर नाही. पूर्ण फ्लॅटचा लांब मुदतीचा भाडेपट्टा आहे, आणि चाळीस टक्के हे तिने भरलेल्या पैशाचं माप आहे. त्यामुळे सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीची वर्गणी) आणि दुरुस्तीत फ्लॅटच्या वाट्याला येणारा खर्च चाळीस नव्हे, शंभर टक्के तिचा.

"म्हणजे मोठ्या भागाचा मालक छपराचा एक पैसा देत नाही?" त्यांनी विचारलं. नाही देत.

२००७ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका निकालात कोर्टाने म्हटलं होतं की असा खरेदीदार कायद्याच्या नजरेत भाडेकरूच. दोन महिन्यांचं भाडं थकलं तर घराचा ताबा जाऊ शकतो आणि भरलेला हिस्साही हातचा जातो. २०२५ च्या रेंटर्स राइट्स अॅक्टने एकवीस वर्षांहून मोठ्या मुदतीचे पट्टे त्या तरतुदीतून बाहेर काढले. पण तेव्हा तो धोका कायम होता आणि मला तो अहवालात लिहावा लागला. त्याच लीजमध्ये बँकेसाठी संरक्षणाचं कलम होतं: कर्ज बुडालं तर बँक असोसिएशनच्या हिश्श्यातूनही वसुली करू शकते. बँकेची काळजी घेतलेली. नर्सची काळजी घेणारं त्या तोडीचं कलम मी शोधलं, सापडलं नाही.

आता तो शुक्रवार. मूल्यांकनाची मुदत त्या संध्याकाळी संपणार होती, म्हणून एक्सचेंज, म्हणजे करार पक्का करणं, त्याच दिवशी करायचं ठरलं. आपल्याकडे सब-रजिस्ट्रारसमोर अंगठे आणि फोटो होतात. इथे करार फोनवर पक्का होतो. दोन्ही वकिलांकडे आपापल्या पक्षकाराने सही केलेली प्रत असते. फोनवर किंमत, डिपॉझिट, ताब्याची तारीख वाचून दाखवायची, "फॉर्म्युला बी" हे या पद्धतीचं ठरलेलं नाव म्हणायचं आणि घड्याळातली वेळ दोघांनी आपापल्या प्रतीवर लिहायची. त्या मिनिटापर्यंत कुणीही मागे फिरू शकतो. त्यानंतर मागे फिरलात तर डिपॉझिट गेलं.

सकाळी मॅनेजमेंट पॅक, म्हणजे असोसिएशनने इमारतीबद्दल दिलेल्या माहितीचा गठ्ठा, आला. कित्येक आठवडे मागत होतो तो. एलपीई१ नावाचा छापील प्रश्नसंच असतो, त्यात सर्व्हिस चार्ज, विमा, राखीव निधी, प्रस्तावित कामं असं सगळं येतं. कलम २० च्या नोटिशीच्या प्रश्नापुढे उत्तर होतं: "होय, सोबत जोडली आहे." जोडलेली नव्हती.

कलम २० म्हणजे १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अॅक्टमधलं. कुठल्याही एका लीजधारकाला एखाद्या कामापोटी २५० पौंडांहून जास्त द्यावे लागणार असतील तर आधी नोटीस देऊन सल्लामसलत करावी लागते. मी असोसिएशनला फोन लावला. रांगेत थांबले, एका विभागाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे. नोटीस शेवटी दुपारी अडीचला आली. छप्पर पूर्ण बदलणार, जिन्यावरचे आगीचे दरवाजे बदलणार. आकडा नाही, कारण पहिल्या टप्प्याच्या नोटिशीत फक्त इरादा असतो. अंदाजपत्रकं दुसऱ्या टप्प्यात येतात. मग राखीव निधीचं पान काढलं. छत्तीस फ्लॅटची इमारत, शिल्लक १४,००० पौंड.

बिल निघेल त्या दिवशी जो लीजधारक असेल त्याने भरायचं. आज एक्सचेंज झालं तर ती.

विक्रेतीच्या सॉलिसिटरला फोन केला: ६,००० पौंड विक्रीच्या रकमेतून बाजूला ठेवा, अंतिम बिल आलं की हिशोब करू. त्यांनी तासाने सांगितलं, १,५०० च्या वर जमणार नाही. यात मी त्या बाईंना दोष देत नाही. पंधरा वर्षं चाळीस टक्क्यांवर शंभर टक्के खर्च भरत त्यांनी काढली होती, गहाण फेडून हाती फारसं उरत नव्हतं. एजंटचे मात्र चार फोन आले. दर वेळी एकच वाक्य, की मी व्यवहार मोडतेय. त्याला कमिशन कम्प्लिशनवर, म्हणजे व्यवहार पुरा झाल्यावर, मिळतं. छप्पर गळलं तर त्याचं काही जात नाही.

साडेचारला तिचा वॉर्डमधून फोन आला, ब्रेकमध्ये. मी सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "ताई, कायदा कळला. पण मी तुमची धाकटी बहीण असते तर?"

आमच्या धंद्यात हे उत्तर द्यायचं नसतं. धोका सांगायचा, लेखी सांगायचा, निर्णय पक्षकाराचा. त्यामागचं कारणही मला पटतं: उद्या त्याच फ्लॅटची किंमत वाढली तर "तुमच्यामुळे गेला" असं ती म्हणू शकते. तरी मी म्हणाले, "बहिणीला मी आकडा आल्याशिवाय सही करू दिली नसती."

ती "बरं" म्हणाली. पाच वाजून गेले, एक्सचेंज झालं नाही. नव्या मूल्यांकनाचा खर्च विक्रेतीने नाकारला आणि पुढच्या आठवड्यात व्यवहार संपला.

मग बिल. सर्च, सर्व्हे, आमच्या फीचा झालेल्या कामापुरता भाग, सगळं मिळून दीड हजार पौंडांच्या वर. सासऱ्यांचा पुन्हा कॉल आला. आवाज चढलेला नव्हता. "घर मिळालं नाही, मग पैसे कशाचे?" मी म्हटलं, काका, ते कागद वाचून घर घेऊ नये हे कळलं, त्याचे. जिथे व्यवहार फिसकटला तर फी नाही, तिथे वकिलालाही व्यवहार पार पडण्यात रस असतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण तो कागद असोसिएशनच्या कपाटात होताच ना? पहिल्या दिवशी का नाही मागवला?"

ही व्यवस्था मला कुणासमोर समर्थनीय म्हणून मांडता येत नाही. पॅक विक्रेत्याने विकत घ्यायचा असतो, काही शे पौंडांना. गिऱ्हाईक पक्कं होईपर्यंत कुणी तो खर्च करत नाही. गिऱ्हाईक पक्कं झालं की एजंट घाई करतो, म्हणून खरेदीदाराचे सर्च आणि सर्व्हे लगेच सुरू होतात. ज्या कागदावर व्यवहार टिकणार की मोडणार हे ठरतं, तो सगळ्यात शेवटी येतो आणि त्याची किंमत सगळ्यात कमी पगाराचा माणूस मोजतो. फ्लॅट बाजारात लावतानाच पॅक सक्तीचा केला तर यातलं बरंच थांबेल.

लँड रजिस्ट्रीचा उतारा इथे कुणालाही थोड्या पैशांत काढता येतो. वसंतात मी त्या फ्लॅटचा काढला. विकला गेला होता, १,१२,००० लाच. त्या खरेदीदाराच्या वकिलाने राखीव निधीचं पान उघडलं होतं का, हे उताऱ्यात लिहिलेलं नसतं. नाशिकची ती अजून भाड्याच्या घरात आहे आणि तिचं भाडं वाढलं आहे. मी ते वाक्य बोलले नसते तर काय झालं असतं, याचा हिशोब मी कितीदा मांडला तरी दोन्ही बाजू जुळत नाहीत, कारण छपराचा आकडा मला आजही माहीत नाही.

आता शेअर्ड ओनरशिपची पुनर्विक्री आली की पॅक हातात येईपर्यंत मी पक्षकाराला सर्चचे पैसे भरू देत नाही. व्यवहार त्यामुळे लांबतात. एका एजंटने तेवढ्यावरून मला काम पाठवणं बंद केलं आहे, आणि मी नियम बदललेला नाही.