तुम्ही विचारलेत म्हणून: ऋण घात मोजण्याआधी वलय पाहा

संमिश्र विश्लेषणात (संमिश्र संख्यांवरील फलनांच्या अभ्यासात) लॉरां श्रेणीचा, म्हणजे फलन चलाच्या धन आणि ऋण घातांच्या बेरजेत मांडण्याचा, भाग शिकवून झाला, की दरवर्षी कोणीतरी वही घेऊन येते आणि जवळजवळ त्याच शब्दांत विचारते, "सर, या श्रेणीत ऋण घातांची पदे अनंत आहेत, मग शून्याशी इसेन्शियल सिंग्युलॅरिटी का नाही? उत्तरात तर साधा पोल दिला आहे." तासाच्या शेवटी घाईत दिलेले माझे उत्तर मलाच अपुरे वाटत आले आहे, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो. चलासाठी 'झ' हे अक्षर वापरतो. सिंग्युलॅरिटी म्हणजे जेथे फलन बिघडते तो बिंदू; त्याच्याभोवतीच्या श्रेणीत ऋण घातांची पदे मोजकीच असली तर तो पोल (फक्त −१ घाताचे असले तर साधा पोल), आणि अनंत असली तर इसेन्शियल सिंग्युलॅरिटी.

वहीतले फलन बहुधा १/[झ(झ − १)] हे असते. विद्यार्थ्याने १/(झ − १) मधून १/झ बाहेर काढून कंसात भूमिती श्रेणी लिहिलेली असते आणि त्याला १/झ² + १/झ³ + १/झ⁴ + … असा विस्तार मिळालेला असतो. या बीजगणितात काहीही चुकलेले नाही. मी त्याला एवढेच सांगतो की याच श्रेणीत झ = १/२ घालून पाहा. पदे येतात ४, ८, १६, ३२, आणि ती वाढतच जातात. फलनाची खरी किंमत मात्र −४ आहे. म्हणजे ज्या श्रेणीवरून आपण शून्याचा स्वभाव ठरवू पाहत होतो, ती शून्यापासून अर्ध्या एककावरही टिकत नाही. ती १ त्रिज्येच्या वर्तुळाबाहेरच खरी आहे, आणि तेथून दिसणारे चित्र शून्य आणि एक या दोन्ही बिंदूंचे एकत्रित चित्र आहे.

आता शून्याच्या अगदी भोवतीचे वलय (एकाच केंद्राच्या दोन वर्तुळांमधला भाग) घ्या, म्हणजे शून्य वगळून १ त्रिज्येच्या वर्तुळाच्या आतला भाग. तेथे त्याच फलनाचा विस्तार −१/झ − १ − झ − झ² − … असा होतो. झ = १/२ घातल्यास −२, −१, −१/२, −१/४ अशी पदे येतात आणि त्यांची बेरीज बरोबर −४ भरते. या विस्तारात ऋण घाताचे पद −१/झ हे एकच आहे, म्हणून शून्याशी साधा पोल आहे. फलन एक, केंद्र एक, पण वलये दोन आणि म्हणून श्रेणीही दोन. वर्गीकरणाचा अधिकार फक्त त्या श्रेणीला आहे जी केंद्र वगळून त्याच्या लगतच्या वलयात खरी असते.

पाठ्यपुस्तकांत लॉरांचा सिद्धांत आणि सिंग्युलॅरिटींचे वर्गीकरण एकापाठोपाठ येतात, त्यामुळे सिद्धांत मुळात सिंग्युलॅरिटींविषयीच आहे असा समज होतो, आणि या गोंधळाचे मूळ मला तेथेच दिसते. प्रत्यक्षात तो वलयाविषयीचा सिद्धांत आहे. पिएर आल्फाँस लॉरां हे फ्रेंच लष्करातील अभियंता होते; त्यांच्या निबंधावर गणितज्ञ कोशी यांनी १८४३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीला अनुकूल अहवाल दिला, तरीही तो निबंध त्या वेळी छापला गेला नाही, आणि लॉरां १८५४ मध्ये अवघ्या ४१ व्या वर्षी वारले. त्यांच्याही आधी, १८४१ मध्ये, जर्मन गणितज्ञ वायरश्ट्रास यांनी हाच निष्कर्ष लिहून ठेवला होता, पण तो छापून आला १८९४ मध्ये. वायरश्ट्रास यांच्या लेखाच्या शीर्षकातच चलाचे केवलमूल्य (शून्यापासूनचे अंतर) दोन दिलेल्या मर्यादांमध्ये असल्याची अट आहे, आणि ती अट म्हणजेच वलय.

रेसिड्यूच्या, म्हणजे बिंदूच्या लगतच्या श्रेणीतील −१ घाताच्या पदाच्या सहगुणकाच्या, बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. बाहेरच्या श्रेणीत १/झ चे पद नाही, म्हणून शून्याशी रेसिड्यू शून्य आहे असे कोणी लिहिले तर ते चूक ठरते. तेथला सहगुणक दोन्ही बिंदूंच्या रेसिड्यूंची बेरीज आहे: शून्याशी −१, एकाशी +१.

मग खरी इसेन्शियल सिंग्युलॅरिटी कशी असते? ई (सुमारे २.७१८ ही संख्या) चा १/झ वा घात घ्या. याची १ + १/झ + १/(२झ²) + … ही श्रेणी शून्य वगळता सर्वत्र खरी आहे, त्यामुळे येथे अनंत ऋण पदे शून्याच्या लगतच आहेत. शून्याकडे उजवीकडून आलात तर किंमत अमर्याद वाढते, डावीकडून आलात तर ती शून्याकडे जाते. ही किंमत १ कोठे होते ते शोधले, तर १/(२πआय), १/(४πआय), १/(६πआय) अशी बिंदूंची रांगच मिळते (आय म्हणजे −१ चे वर्गमूळ); पहिला शून्यापासून सुमारे ०.१५९ अंतरावर, शंभरावा सुमारे ०.००१५९ अंतरावर. १ च्या जागी शून्येतर कोणतीही संख्या घेतली तरी हेच घडते. फ्रेंच गणितज्ञ पिकार यांनी १८७९ मध्ये सिद्ध केले की प्रत्येक इसेन्शियल सिंग्युलॅरिटीजवळ, फार तर एक किंमत सोडून, इतर सर्व किमती अनंत वेळा येतात. पोलजवळ मात्र कोणत्याही वाटेने जा, फलनाचे केवलमूल्य अमर्याद वाढतेच. हा फरक एकदा हाताने आकडे घालून पाहिला, की 'इसेन्शियल' हा शब्द लिहिताना विद्यार्थी आपणहून थांबतो, असा माझा अनुभव आहे.

म्हणून मी प्रत्येकाला श्रेणी लिहिण्याआधी समासात केंद्र, इतर सिंग्युलॅरिटी आणि त्यांतून जाणारी वर्तुळे काढायला सांगतो. १/साइन(π/झ) हे फलन दिले, तर ही आकृती पूर्णच होत नाही: १, १/२, १/३, १/४ असे पोल शून्याकडे सरकत राहतात, कितीही लहान वर्तुळ काढले तरी त्याच्या आत आणखी पोल सापडतात, आणि शून्याच्या लगतचे वलयच मिळत नाही. तेथे शून्य ना पोल आहे, ना इसेन्शियल, कारण मोजायला श्रेणीच उरलेली नाही.