आमची वाटचाल : बेदाणा, गंधक आणि आमचा डाय

२०१६ ला सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला तेव्हा शेजारचे फॅब्रिकेशनवाले विचारायचे नक्की काय बनवता ओ, मी म्हणायचो डाय, त्यांना वाटायचं साडीचा रंग. आमचा माल म्हणजे फ्लुरोसंट प्रोब, यूव्ही टॉर्चखाली चमकणारा आणि ठराविक केमिकल भेटलं की चमक बदलणारा रेणू, बस्स.

सुरवातीला गिऱ्हाईक फक्त रिसर्चवाले. जिवंत पेशीतलं सल्फाइट (गंधक आणि ऑक्सिजनचं एक संयुग) बघायला त्यांना प्रोब लागायचा, कारण आपल्या शरीरात पण सिस्टीन या गंधकवाल्या अमिनो आम्लापासून थोडं सल्फाइट होतंच आणि मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीच्या ऊर्जाघरातलं) एन्झाइम त्याचं सल्फेट करून टाकतं. तिथं डोकेदुखी ग्लुटाथायोनची, हे पण गंधकवालंच रसायन, ते पेशीत भरपूर असतं आणि मधेच आडवं येऊन प्रोबला चिकटायला बघतं. ऑर्डर मिलिग्रॅममध्ये, पेमेंट मार्चनंतर कधीतरी.

पण सांगलीत बसून सल्फाइटचं काम करायचं आणि बेदाण्याकडे बघायचं नाही असं कसं होईल? तासगाव भागात रंग टिकावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, त्यातला सल्फर डायऑक्साइड वायू मालात उतरतो आणि तिथं सल्फाइट बनून राहतो. युरोपात किलोला २००० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, पण १० च्या वर गेला की पाकिटावर लिहावं लागतं, दम्याच्या काही पेशंटना त्रास होतो म्हणून. लॅबची जुनी मोनिअर-विल्यम्स पद्धत चांगलीच आहे, पण उकळत ठेवा, मग टायट्रेशन (थेंब थेंब रसायन घालून मोजणं), दोन तास गेले. सौद्याच्या दिवशी थांबतंय कोण?

आमचा प्रोब क्युव्हेटमध्ये, म्हणजे लॅबच्या छोट्या मोजणी-नळीत, मस्त चालायचा आणि बेदाणा वाटून घातला की रीडिंग कमीच. गोम साखरेत होती. बेदाण्यात निम्म्याहून जास्त साखरच, सल्फाइट तिला धरून बसतं आणि प्रोबला दिसतो फक्त मोकळा भाग. मग आधी थोडा अल्कली घालून ते सोडवायचं, बफरने (पीएच स्थिर धरणारं द्रावण) पीएच सातच्या आसपास आणायचा आणि लगेच प्रोब टाकायचा, रेंगाळलात की परत चिकटलं. हे सगळं घालून बनवलेल्या आमच्या तपासणी किटमध्ये प्रोबपेक्षा अल्कली आणि बफरच्या त्या दोन बाटल्यांनाच जास्त मोल आहे असं माझं मत.

एका अडत दुकानात दाखवायला गेलो, टॉर्च मारला, लाल चमक जाऊन ट्यूब निळी झाली. तिथले आण्णा म्हणाले, "वास येतोय की नाकाला, दिवा कशाला पायजे?"

"आण्णा, नाक हाय का नाय तेवढंच सांगतंय, किती हाय ते नाय."

"मग किती ते कागदावर लिहून देणार का?"

नाही देणार. किट ही चाळणी आहे, एक्स्पोर्टला कागद मान्यताप्राप्त लॅबचाच लागतो, आणि किटवर सर्टिफिकेट मिळतं म्हणून कोणी विकत असेल तर खुशाल उठून या.

हळदवाले पण मागं लागलेत, लेड क्रोमेट या शिशाच्या पिवळ्या रंगाच्या भेसळीसाठी काढा म्हणून काहीतरी. २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली आपली सांगलीची हळद, करायला पाहिजेच. पण हळदीतलं पिवळं करक्युमिन स्वतःच यूव्हीत एवढं हिरवट-पिवळं चमकतं की बाकी काही दिसत नाही, त्यात लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, आधी ॲसिडने काढावं लागतं. म्हणजे लांबच्या लाल पट्ट्यात चमकणारा प्रोब लागणार, तो अजून टेबलावरच आहे. सध्या किट मिळेल ते बेदाण्याचं.