न्यायालयाला टाळं कुणीच लावत नाही

कायदा शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. एवढी निरंकुश सत्ता हाती आली, तर राज्यकर्ते सर्वोच्च न्यायालय बंदच का करून टाकत नाहीत? माझं उत्तर असं की त्यांना ते हवं असतं. नव्या सत्तेला आपल्या हुकमांवर शिक्का लागतो, आणि तो जुन्याच इमारतीतून, जुन्याच अधिकाराने उमटला तर लोक मुकाट मानतात. म्हणून इमारत राहते. आत कोण बसणार, तेवढं बदलतं.

त्यामुळे अशा काळात मी निकालांइतकेच नेमणुकांचे नियम बारकाईने वाचते. अर्जेंटिनात १९९० साली राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी सर्वोच्च न्यायालयातल्या पाच न्यायाधीशांचे नऊ केले. व्हेनेझुएलात २००४ मध्ये विसांचे बत्तीस झाले. बहुमत मिळवायला जुन्या सगळ्यांना काढायची गरजच पडली नाही. अमेरिकेत रूझवेल्ट यांनीही १९३७ साली नऊचे पंधरापर्यंत नेण्याचा घाट घातला होता. तो त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या सिनेटने हाणून पाडला. पक्षातल्या माणसांनी आपल्याच नेत्याला अडवलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

संख्या वाढवणं निदान उघड दिसतं. हंगेरीत झालं ते वाचताना मात्र मला आजही चीड येते. आंद्राश बाका हे स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात १७ वर्षं न्यायाधीश होते. २००९ मध्ये ते सहा वर्षांसाठी हंगेरीच्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी ओर्बान दोन तृतीयांश बहुमताने सत्तेवर आले आणि त्यानंतर न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६२ वर आणायचं ठरलं. बाकांनी जाहीर विरोध केला, संसदेतही बोलले. मग नव्या राज्यघटनेने न्यायालयाचं नाव बदलून कुरिया केलं. जुनं न्यायालय संपलं, म्हणून अध्यक्षांची मुदतही २०१२ च्या १ जानेवारीला संपली. नव्या अध्यक्षासाठी अट आली: हंगेरीत न्यायाधीश म्हणून किमान पाच वर्षांचा अनुभव. स्ट्रासबर्गची १७ वर्षं त्यात धरलीच नाहीत! अट कुणासाठी बेतली होती, हे वेगळं सांगायला नको. त्याच स्ट्रासबर्गने २०१६ मध्ये बाकांच्या बाजूने अंतिम कौल दिला. पण त्यांची मूळ मुदत तर २०१५ मध्येच संपणार होती.

आपल्याकडे हे काम ज्येष्ठतेच्या यादीतून झालं. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल सात विरुद्ध सहा असा लागला: संसदेला राज्यघटनेची मूळ चौकट बदलता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर यांना डावलून न्या. रे यांचं नाव सरन्यायाधीशपदासाठी पुढे आलं. तिघेही सरकारच्या विरोधातल्या सातांमधले, रे उरलेल्या सहांमधले. तिघांनी राजीनामे दिले.

तीन वर्षांनी, आणीबाणीतल्या स्थानबद्धांना सुटकेसाठी न्यायालयात अर्ज करता येतो का, हा प्रश्न याच न्यायालयासमोर आला. नऊ उच्च न्यायालयांनी आधीच सांगितलं होतं की आम्ही या अर्जांची दखल घेऊ शकतो. सुनावणीत न्या. खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी माणसाला ठार मारलं, तरी दाद मागता येणार नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर आलं. ते ऐकूनही २८ एप्रिल १९७६ ला चार न्यायाधीश सरकारच्या बाजूने गेले. खन्ना एकटे उभे राहिले. त्या चौघांच्या मनात काय होतं ते कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण १९७३ साली काय घडलं, ते पाचही जणांना ठाऊक होतं. जानेवारी १९७७ मध्ये खन्नांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ असलेले बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनीही राजीनामा दिला. तो १९७६ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे रद्द ठरवला २०१७ मध्ये. एकेचाळीस वर्षं लागली.

पाकिस्तानात हत्यार म्हणजे शपथ. जानेवारी २००० मध्ये मुशर्रफ यांनी न्यायाधीशांना लष्करी राजवटीच्या हंगामी आदेशाखाली नव्याने शपथ घ्यायला सांगितलं. सरन्यायाधीश सईदुझ्झमान सिद्दिकी यांच्यासह सहा जणांनी नकार दिला आणि ते घरी गेले.

वादळ ओसरल्यावर काय, हा खरा अवघड भाग. पोलंड आज तिथे अडकलंय. न्यायाधीश निवडणाऱ्या मंडळाचे न्यायाधीश सदस्य २०१८ पासून संसद नेमू लागली, आणि त्या मंडळाच्या शिफारशीवरून दोन हजारांहून अधिक नेमणुका झाल्या. २०२३ मध्ये सरकार बदललं. आता त्या सगळ्यांना सरसकट बाहेर काढायचं का? मग त्यांनी मंजूर केलेले घटस्फोट, वाटण्या, मुलांचे ताबे यांचं काय? माझं मत ठाम आहे: सामान्य माणसांमधले निकाल कायम ठेवावेत आणि नेमणुका एकेक करून, प्रत्येकाचं म्हणणं ऐकून तपासाव्यात. वेळ लागेल, नवं सरकार वैतागेल, त्याचे मतदारही वैतागतील. पण सरसकट यादी करून न्यायाधीश काढण्याचा अधिकार या सरकारला दिला, तर तो पुढच्या सरकारलाही मिळतो.