घारापुरीच्या पायऱ्या आणि परवान्याचा कागद

माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या परवाना विभागात झाली. त्यामुळे कुठेही फिरायला गेले तरी नजर आधी टपरीकडे जाते. किती फूट पुढे आलीय, वर काय बांधलंय, नाव कुणाचं आणि बसलंय कोण. घरचे वैतागतात. घारापुरीला गेलो तेव्हाही मंडळी त्रिमूर्ती बघायला पुढे निघाली आणि मी पायऱ्यांवरच रेंगाळले.

त्या पायऱ्या चढलेल्यांना वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्री, मण्यांच्या माळा, टोप्या, दगडी हत्ती, मीठ-तिखट लावलेली काकडी आणि त्या काकडीवर डोळा ठेवून बसलेली माकडं. (ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो मूळचा दगडी हत्ती आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. बेटावर त्याची पिल्लं विकायला आहेत.)

आमच्या लाँचमधले एक गृहस्थ ताडपत्री बघून म्हणाले, "जागतिक वारसा म्हणे, आणि ही झोपडपट्टी!" वारसा खराच, १९८७ पासून. पण ताडपत्रीचं कारण दुकानदाराच्या आवडीनिवडीत शोधू नका. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पुरातत्त्व कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर हे फारच कडक झालं. अशा पट्ट्यात कुणाला पक्का गाळा बांधू देणार नाहीत, आणि बांधू देऊही नये. मग उन्हापावसात माल झाकायला माणूस काय करील? ताडपत्रीच ताणील.

एका दुकानात मी माळ बघता बघता विचारलं, "परवाना कुणाकडून घेता हो?" बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हापिसातून आलात काय?" रिटायर झालेय म्हटल्यावर जरा सैल झाल्या. "सासू बसायची हितं, आता मी बसते. कागद कसला मागता ताई?" आणि माळेचे पन्नास रुपये कमी केले, मी मागितले नसताना.

सासू बसायची, हा पुरावा आम्ही कार्यालयात रोज ऐकायचो. शहरातले फेरीवाले प्लॅस्टिकच्या पिशवीत जुन्या पावत्या जपून आणायचे. बऱ्याचशा दंडाच्या असायच्या! आपल्याला इथून उठवलं होतं, म्हणजे आपण इथे होतो, हा त्यांचा हिशेब. तो चुकीचाही नव्हता. जागेवर असल्याचा दुसरा कागद त्यांना कुणी दिलेलाच नसायचा.

पथविक्रेत्यांचा कायदा आला २०१४ साली. त्याने बरंच काही दिलं. पाच वर्षांतून एकदा तरी सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे ४० टक्के प्रतिनिधी आणि त्यांत एक तृतीयांश बायका. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही. आणि माझं आवडतं कलम: जिथे ५० वर्षांहून जास्त काळ विक्रेते बसत आलेत तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा, तिथल्या लोकांना हलवायचं नाही. पण हा कायदा आहे शहराचा. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत, कटक मंडळ अशा संस्थांसाठी. घारापुरीला आहे ग्रामपंचायत, तालुका उरण. म्हणजे शहरातला पन्नास वर्षांचा भाजीबाजार वारसा ठरू शकतो आणि वारसास्थळाच्या पायरीवर बसलेल्या बाईला त्या कायद्यात जागाच नाही.

मग उरतो तो स्मारकांसाठीचा १९५९ चा नियम. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या परवान्याशिवाय काही विकायचं नाही. नियम चांगलाच आहे, गुहेत कुणी वेफर्स विकावेत असं मलाही वाटत नाही. पण तो हद्दीच्या आतलं सांगतो. हद्दीबाहेर खालपर्यंत जी रांग लागलेली असते, तिथे ना शहराचा कायदा, ना हा नियम.

मला विचाराल तर ग्रामपंचायत आणि पुरातत्त्व खातं यांनी एकत्र बसून एकच नकाशा करावा आणि एकच परवाना द्यावा. परवाना माणसाच्या नावाने, जागा आखलेली, छप्पर सगळ्यांचं एकाच नमुन्याचं आणि उचलून नेता येईल असं. भाड्याने दिला की रद्द. इथे मी कठोर आहे, कारण एका नावावर चार गाळे आणि बसायला पगारी पोरं हा प्रकार मी पुष्कळ पाहिलाय. परवानाधारक वारला किंवा अंथरुणाला खिळला तर नवरा-बायको किंवा मुलांपैकी एकाने मुदत संपेपर्यंत बसावं. शहरी कायद्यात ही सोय आहे, तीच इथे घ्यावी. आणि सासूनंतर सून, हेही त्यात स्पष्ट लिहावं, कारण शहरी कायद्यात सुनेचा उल्लेखच नाही.

खरी मारामारी जागा कुणाला यावरून होईल. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर, तिन्ही वाड्यांतल्या घराघराला पायरी हवी असणार. सर्वेक्षणाची तारीख आधी फुटली की रस्त्यावर फेरीवाले दुप्पट दिसतात. कधीही न पाहिलेली माणसं दोन डझन कंगवे मांडून बसलेली असतात. म्हणून इथली मोजणी डिसेंबरच्या रविवारी करू नये. भर पावसाळ्यात, लाँचा सुटतील की नाही याची खात्री नसलेल्या आठवड्यात, न सांगता करावी. सोमवार तेवढा सोडून, त्या दिवशी गुहा बंद असतात.