तीन की आठ?

आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातल्या एका लहान गावाच्या इतिहास मंडळासोबत आम्ही जुन्या दफनभूमीची नोंदणी करत होतो. वालुकाश्माचा एक दगड गावात 'कोरा' म्हणूनच ओळखला जायचा. चार फूट उंच, दोन फूट रुंद, चार इंच जाड आणि पुढे कललेला. एवढ्या दगडाचं वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतं, म्हणून आधी भोवती दोरी बांधली. कललेल्या दगडाला टेकून फोटो काढणं हा या कामातला सर्वांत मूर्ख अपघात.

तिथे थडग्यांचा एवढा सोस का, ते सांगतो. ३० जून १९२२ रोजी डब्लिनचं अभिलेखागार जळालं. त्यात १८२१ ते १८५१च्या जनगणना, काही तुकडे सोडले तर, राख झाल्या. १८६१ आणि १८७१चे कागद सरकारनेच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले. पूर्ण हाती लागते ती थेट १९०१ची जनगणना. त्याआधीच्या कित्येक घरांचा पुरावा म्हणजे हे दगडच.

त्या दिवशी एक उत्साही गृहस्थ तारेचा ब्रश आणि ब्लीचची बाटली घेऊन हजर. दोन्ही गाडीत परत ठेवायला लावलं. वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. ब्रशने दगडफूल निघतं आणि त्याच्यासोबत अक्षरही. ब्लीचमधले क्षार दगडात मुरतात आणि सुकताना पृष्ठभाग फोडतात. अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक खडू, पीठ, दाढीचा फेस फासतात, त्यांनाही मनाई. आपल्याकडे वीरगळांवर शेंदराचे थर चढतात ना, तीच ही श्रद्धा: चांगल्या हेतूने कोरीवकाम बुजवणारी.

वाचायला लागतो उजेड, आणि तोही तिरका. हा दगड पूर्वेकडे तोंड करून होता. तिथे उन्हाळी वेळेनुसार सूर्य दक्षिणेला येतो तो दुपारी दीडच्या सुमारास. तेव्हाच ऊन दगडाच्या पृष्ठभागाला घासून जातं आणि खोलगट अक्षरांत सावली धरते. ही संधी जेमतेम अर्ध्या तासाची, वर ढग आले तर तीही नाही. म्हणून कपाटाच्या दाराएवढा आरसा सोबत असतो. एकजण दहा-बारा फुटांवर उभा राहून ऊन दगडावर आडवं फेकतो, दुसरा तिवईवरच्या कॅमेऱ्याने समोरून फोटो घेतो. आधी डावीकडून उजेड, मग उजवीकडून, मग वरून. खालून टाकू नये, कोरलेली अक्षरं उठावाची दिसू लागतात आणि डोळा फसतो.

डावीकडच्या उजेडात ओळी उमटल्या. वर 'आयएचएस' ही येशूच्या नावाची मुद्रा, खाली पत्नीने नवऱ्यासाठी दगड उभारल्याचा मजकूर, मग गावठाणाचं नाव. हे नाव सापडणं मोठं, कारण एकाच नावाची तीन-चार माणसं एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, सहज निघतात. मग तारीख: ३ मे आणि साल १८३२. निदान तसं वाटलं.

आमच्याकडे दोघांनी स्वतंत्र वाचायचं, एकमेकांचा कागद बघायचा नाही, हा नियम आहे. दुसऱ्या कागदावर १८८२ होतं. पन्नास वर्षांचा फरक, आणि तोही निर्णायक. मृत्यूंची सरकारी नोंदणी १८६४ला सुरू झाली. साल १८३२ असेल तर शोध तिथेच खुंटतो, १८८२ असेल तर नोंदवही उघडता येते.

उत्तर दगडावरच होतं. '३ मे'मधला तीन बघा: त्या पाथरवटाने तो सपाट माथ्याचा कोरला होता, वर आडवी रेघ आणि तिथून तिरकी उतरती. सालातल्या संशयित आकड्याचा माथा मात्र गोल. आरसा उजव्या बाजूला नेला तशी त्या आकड्याची डावी वळणंही दिसू लागली. त्या बाजूची खाचेची कड झिजून गोल झाली होती, म्हणून पहिल्या उजेडात तिथे सावली पडतच नव्हती. आठच.

संध्याकाळी सरकारी वंशावळ संकेतस्थळावर मृत्यूच्या नोंदी पाहिल्या, फुकट असतात. जिल्हा तोच, गावठाण तेच, ३ मे १८८२. खबर देणारी पत्नी, सहीच्या जागी फुलीची खूण. वय मात्र जुळेना: दगडावर ५०, वहीत ५६. याने बिचकायचं कारण नाही, तिथे वय अंदाजानेच सांगत. १९०९पासून सत्तरीला पेन्शन मिळू लागलं, तर १९०१ ते १९११ या दहा वर्षांत कित्येकजण दहाहून जास्त वर्षांनी म्हातारे झालेले दिसतात! दोन्ही आकडे जसेच्या तसे तक्त्यात लिहिले. १८३२ही पुसून टाकला नाही, त्यावर एक आडवी रेघ मारून बाजूला कारण टाकलं. पुढच्या माणसाला तीच शंका येणार.

सगळ्यांत खालची ओळ अजून गवताखाली आहे. चार बोटं माती सरकवली की दिसेल, असं दोघातिघांनी सुचवलं. पण दफनभूमी नोंदणीकृत स्मारक, तिथे खोदायचं तर दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं. मंडळाने अर्ज पाठवला आहे. तूर्त तक्त्यात त्या ओळीपुढे चौकटी कंस आणि 'जमिनीखाली' एवढंच लिहिलं आहे.