पाकळी वाळते, गाठ वाळत नाही

सिलिका जेलमधून, म्हणजे ओलावा शोषून घेणाऱ्या कणांत पुरून वाळवून, काढलेला गुलाब पहिल्या दिवशी झकास दिसतो आणि आठवड्याभरात मान टाकतो. पाकळी कागदासारखी कुरकुरीत लागली की फूल वाळलं, असं आपण धरून चालतो, तिथंच चूक होते. पाकळ्यांच्या बुडाशी जी हिरवी जाडसर गाठ असते, तिच्यातलं पाणी सगळ्यांत शेवटी जातं. ती ओली राहिली की तो ओलावा परत पाकळ्यांत चढतो, नाहीतर बुडाशी बुरशी धरते.

सुरुवात खुडण्यापासून. दव पूर्ण उडालं की, पण ऊन तापायच्या आत फूल कापावं. अर्धं-पाऊण उमललेलं घ्यावं, कारण वाळतानाही ते थोडं उमलतच राहतं. पूर्ण फुललेला गुलाब वाळवलात तर हाती पाकळ्यांचा ढीग येतो.

लॅव्हेंडर, स्टॅटिस, कोंबडा यांना टांगणं पुरतं. खालची पानं काढायची, पाच-सहा दांड्यांची जुडी करायची आणि रबरबँड लावायचा. सुतळी नको, दांडे आटून बारीक झाले की एकेक करून सुटून खाली येतात, रबरबँड मात्र त्यांच्याबरोबर आवळत जातो. जुडी उलटी टांगायची ती मान सरळ राहावी म्हणून. उभी ठेवली तर ओली मान वाकते आणि तशीच वाळते. जागा अंधारी, कोरडी, वारा खेळणारी हवी. दोन ते तीन आठवड्यांनी दांडा वाकवून बघा. कट्कन मोडला तर झालं, नुसता वाकला तर अजून चार दिवस. जुडी जाड केली तर मधली फुलं आतून काळी पडतात आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

गुलाब, झिनिया, डेझी यांचा आकार जपायचा असेल तर सिलिका जेलच. बुटांच्या खोक्यात येणारे गोल मणी चालत नाहीत, त्यांचे पाकळीवर खळगे उमटतात. बारीक वाळूसारखं जेल आणा. दांडा दोन-तीन सेंटिमीटर ठेवून बाकी कापा. तार लावायची असेल तर आत्ताच गाठीतून टोचून घ्या, वाळल्यावर गाठ तडकते. हवाबंद डब्यात 3 सेंटिमीटर थर, त्यावर फूल तोंड वर करून. मग चमच्याने जेल आधी कडेकडेने सोडायचं, म्हणजे पाकळ्यांना खालून आधार मिळतो, आणि नंतर थोडं थोडं पाकळ्यांच्या मध्ये. वरून एकदम ओतलंत तर फूल चपटं होतं. फूल पूर्ण झाकलं की झाकण लावा आणि त्यावर तारीख लिहा. आठवणीवर विसंबू नका.

पातळ पाकळीची फुलं तीन-चार दिवसांत होतात, गुलाबाला पाच ते सात लागतात. जास्त ठेवलं तर पाकळी हात लागताच तुटते. म्हणजे गाठीसाठी थांबावं तर पाकळी जाते, पाकळीसाठी काढावं तर गाठ ओली राहते. यावर तोड अशी: पाकळ्या वाळल्या की डबा तिरपा करून जेल हळूहळू सांडा, फूल तळहातावर झेला. मग तेच फूल जेलच्या वर, न पुरता ठेवून झाकण पुन्हा दोन दिवस बंद करा. पाकळ्यांवर भार नाही, आणि गाठ सावकाश वाळते. चिकटलेले कण मऊ कुंचल्याने झटका. नाकाला मास्क लावा, ती धूळ चांगली नाही. सैल वाटणाऱ्या पाकळीच्या बुडाशी काडीच्या टोकाने गोंदाचा थेंब.

जेल फेकायचं नसतं. ओव्हनमध्ये 120 अंश सेल्सिअसला दोनेक तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. मायक्रोवेव्हमध्ये फुलं पटकन होतात खरी, पण तार लावलेलं फूल त्यात अजिबात घालू नका.

रंगाबद्दल आधीच सांगतो: लाल गुलाब काळपट मरून रंगाचा होतो, पांढरा सायीसारखा पिवळट. निळे, पिवळे, नारिंगी रंग बऱ्यापैकी टिकतात. उन्हात ठेवलं तर मात्र कुठलाच टिकत नाही.

पानांना ही कुठलीच पद्धत नको, ती चुरा होतात. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, त्यात दांड्याचं टोक ठेचून 8-10 सेंटिमीटर बुडवा. दोन-तीन आठवड्यांत पानं तपकिरी-हिरवी, लवचीक होतात. पानांवर घामासारखे थेंब दिसले की लगेच बाहेर काढून पुसा.