तुम्ही विचारलंत म्हणून : गोल्फ खेळत नाही, मग रात्रभर जागून बघता काय?

हा प्रश्न मला साइटवर विचारतात, सोसायटीत विचारतात, जाऊबाई तर प्रत्येक एप्रिलमध्ये विचारतात. मॅडम तुम्ही गोल्फ खेळता का? नाही. घरात कोणी खेळतं? नाही. मग सोमवारी पहाटे साडेचारपर्यंत ते मास्टर्स की काय ते का बघत बसता, दुसऱ्या दिवशी साइट असते ना? तर आता एकदा सविस्तर लिहितेच. (मास्टर्स म्हणजे दर एप्रिलमध्ये अमेरिकेत ऑगस्टाला होते ती गोल्फची मोठी स्पर्धा.)

माझं काम वॉटरप्रूफिंगचं. टेरेस, बाथरूम, पाण्याच्या टाक्या. पुण्यात वीसेक वर्षं हेच करतेय, आणि या कामात केमिकल वगैरे नंतर येतं, आधी येतो तो ढाळ. पाणी जिथे जायला पाहिजे तिथे गेलं तर अर्धं काम झालं. टेरेसला आम्ही साधारण शंभरात एक असा ढाळ देतो, म्हणजे एक टक्का, आणि एक टक्का ढाळ डोळ्यांना दिसत नाही हो, खरंच दिसत नाही, सपाटच वाटतं सगळं.

2015 च्या उन्हाळ्यात येरवड्याला गोल्फ क्लब चौकाजवळच्या एका बिल्डिंगवर ब्रिकबॅट कोब्याचं, म्हणजे टेरेसवर ढाळ देऊन विटांच्या तुकड्यांचा थर घालायचं काम चालू होतं, वरून पूना क्लबचा गोल्फ कोर्स दिसायचा. दुपारी माणसं जेवायला बसली की मी कठड्याशी उभी राहून खाली बघायचे. एक गृहस्थ हिरवळीवर उकिडवे बसले, बॉलच्या मागून बघितलं, मग उठून होलच्या पलीकडे जाऊन तिकडून बघितलं, मग बाजूने चालत आले, मध्ये थांबले. मी बघतच राहिले, कारण हे तर माझंच काम! पाणी सोडायच्या आधी मी टेरेसवर अगदी असंच करते, आउटलेटच्या बाजूने बघते, खालून वर बघते, मग आडवी चालते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेपरात आलं की आपला गोल्फपटू अनिर्बान लाहिरी अमेरिकेत व्हिसलिंग स्ट्रेट्सला पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला, भारतीय पुरुषाची मेजरमधली, म्हणजे गोल्फच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांमधली, तोवरची सगळ्यात चांगली कामगिरी, आणि त्याचा जन्म पुण्याचा. झालं, तिथून बघायला लागले ते आजपर्यंत.

लोकांना वाटतं गोल्फ म्हणजे लांब मारणं. ते पण भारी असतं, पण मी बघते ती ग्रीन, म्हणजे होलभोवतीची अगदी बारीक कापलेल्या गवताची हिरवळ. होल असतं सव्वाचार इंचांचं, बॉल जेमतेम पावणेदोन इंचांचा, आणि होल कापतात ते साधारण एक ते तीन टक्के उताराच्या भागात. म्हणजे आमच्या टेरेस-बाथरूमचाच हिशोब! आणि त्यात गवत कापलेलं असतं जवळपास तीन मिलिमीटरवर, बॉल थांबायचं नावच घेत नाही. ग्रीन किती पळते हे मोजायला स्टिम्पमीटर नावाची एक साधी अॅल्युमिनियमची पट्टी असते, 36 इंच लांब, 30 इंचांवर खाच, खाचेत बॉल ठेवायचा आणि पट्टीचं ते टोक हळूहळू उचलायचं, बॉल आपोआप सुटतो, मग जमिनीवर जितके फूट गेला तितका आकडा. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या माणसाने 1935 ची गोल्फची यूएस ओपन बघून ती बनवली, तेव्हा लाकडाची होती. मला हे इतकं आवडलं की काय सांगू. लेव्हल पाईप काय, ओळंबा काय, चांगली हत्यारं अशीच असतात, बघितलं की कळतं.

आता मुख्य गोष्ट. उतार तितकाच असला तरी बॉल जोरात असताना कमी वळतो आणि हळू झाला की जास्त वळतो. म्हणून शेवटचे दोन-तीन फूट सगळ्यात महत्त्वाचे, होलच्या आजूबाजूचा उतार जो नीट वाचतो तो जिंकतो. आणि जोरात मारून वळणच काढून टाकू म्हणाल तर होल लहान होतं, म्हणजे मापाने तेवढंच असतं पण वेगात आलेला बॉल कडेला लागून बाहेर पडतो, हळू आलेला तिथूनच आत पडतो. म्हणून रेषा आणि वेग वेगवेगळे ठरवताच येत नाहीत. बाथरूममधलं पाणी जिथून जातं त्या नहाणी ट्रॅपजवळ बघा कधी, बादली ओतली की पाणी सरळ धावतं, पण शेवटचं पातळ पाणी जमिनीचा प्रत्येक खड्डा-उंचवटा शोधत येतं. ते पातळ पाणीच खरं सांगतं.

माझी एक चूक सांगते. 2008 ची गोष्ट, कोथरूडचं एक टेरेस. कठड्याची वरची कडा तिरकी होती आणि माझ्या डोळ्याने तीच सरळ धरली, त्यामुळे ढाळ आउटलेटकडे आहे असं वाटलं. आमचे मिस्त्री तेव्हा अनवाणीच काम करायचे, ते एका कोपऱ्यात थांबले आणि म्हणाले, "ताई, इथं पाय खाली जातोय." मी म्हटलं नाही हो, ठीक आहे. पाणी भरलं तर सगळं त्याच कोपऱ्यात. तो भाग फोडून परत केला, स्वतःच्या खर्चाने. तेव्हापासून मी टेरेसवर चपला काढते.

म्हणून ऑस्ट्रेलियाच्या अॅडम स्कॉटला खेळताना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी टीव्हीसमोर उठून उभी राहिले. तो बॉल आणि होलच्या मध्ये, रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा, आणि डोळ्यांनी नाही तर पायांनी उतार मोजत होता! एमपॉइंट म्हणतात त्या पद्धतीला, मार्क स्वीनी नावाच्या माणसाने काढलेली. कुठल्या पायावर वजन जास्त येतंय त्यावरून उतार किती टक्के ते ठरवायचं, मग हात पुढे करून तितकी बोटं होलच्या शेजारी धरायची आणि बोटांच्या कडेवर नेम धरायचा. काही लोकांना याचा राग येतो, वेळ जातो म्हणतात. मला मात्र आमचे मिस्त्री आठवले. डोळ्याला आजूबाजूची टेकडी, झाडं, वाळूचे बंकर फसवतात, पायाला ते फसवता येत नाही.

गवताचं तर अजून वेगळं. उष्ण हवेत ग्रीनवर बर्मुडा गवत असतं, आणि बर्मुडा म्हणजे कोण तर आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा! ग्रीनवर तिच्या बारीक पानांच्या संकरित जाती लावतात, पण खोड तीच, आडवी पसरायची आणि एका दिशेला झोपायची. गवत चमकताना दिसलं तर ते तुमच्यापासून दूर झोपलंय, बॉल पळणार, गडद दिसलं तर तुमच्याकडे झोपलंय, बॉल अडणार. मी पूना क्लबला एक स्पर्धा बघायला गेले होते, ओळखीच्या एका मेंबरबरोबर, तिथे दोरीच्या बाहेरून हे नीट दिसलं, सकाळी एका बाजूने चांदीसारखं आणि पलीकडून बघितलं की काळपट. टीव्हीवर हे एवढं कळत नाही.

आणि मला ज्याचं सगळ्यात जास्त वाटतं ते म्हणजे त्यांना तपासून बघता येत नाही. आम्ही दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवतो, चुकलं तर कळतं, दुरुस्त करतो. त्यांना ग्रीनवर बॉल सोडून बघायची परवानगी नाही, गवत घासून बघायची नाही, लेव्हल लावायची नाही. आधी उताराचे बाण छापलेली बारीक नकाशांची पुस्तकं खिशात असायची, 2022 पासून मोठ्या टूरवर, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धांत, तीही बंद झाली, आणि ते फार चांगलं झालं असं माझं ठाम मत आहे. वाचन त्या माणसाचं स्वतःचं पाहिजे.

2022 च्या मार्चमध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिप पावसामुळे सोमवारपर्यंत लांबली, लाहिरी शेवटपर्यंत शर्यतीत. इकडे मध्यरात्र उलटून गेलेली, घरात सगळे झोपलेले, मी आवाज बंद करून बघत होते. शेवटच्या होलला त्याला बर्डी पाहिजे होती, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी, पण पार आला, म्हणजे ठरले तितकेच फटके. एका स्ट्रोकने दुसरा, कॅमेरॉन स्मिथ जिंकला, त्याने त्या दिवशी दहा बर्डी केल्या होत्या. मी किती तरी वेळ तशीच बसून होते.

तर तुम्हाला खरंच बघायचं असेल तर मास्टर्सच्या रविवारी या. ऑगस्टाचं सोळावं होल, त्या दिवशी झेंडा बहुतेक डावीकडे उताराच्या पायथ्याशी असतो. खेळाडू झेंड्यावर मारतच नाहीत, उजवीकडे टाकतात आणि बॉल उतारावरून हळूहळू खाली येतो. 2005 मध्ये टायगर वुड्सने तिथेच ग्रीनच्या बाहेरून चिप केलं, म्हणजे बॉल हलकेच उचलून टाकला, होलपासून कितीतरी लांब, भलतीकडेच मारलाय असं वाटावं इतकं लांब, बॉल उतारावर चढला, वळला, सावकाश खाली आला, होलच्या ओठावर थांबला, आणि मग आत पडला. मी ते नंतर व्हिडिओवर बघितलं, आमच्या मिस्त्रींना पण फोनवर दाखवलं. त्यांना गोल्फमधलं काही माहीत नाही. बॉल अजून चढतच होता तेव्हा ते म्हणाले, "आता येतंय बघा खाली."